पाहुण्यांविषयीचा अभिप्राय नेमका कोणासाठी लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अल्प मुदतीने घर भाड्याने देण्याचे काम सुरू करून वर्षही न झालेल्या एका यजमानांकडे चौघांचे कुटुंब तीन रात्री राहून गेले. माणसे बोलायला गोड होती. मात्र घर सोडण्याची वेळ सकाळी 11 ची असताना ती दीडला निघाली, ओट्यावर तेलाचा थर आणि सिंकमध्ये खरकटी भांडी तशीच राहिली आणि चौघांच्या बुकिंगवर बहुधा सहा जण राहिले. निघताना त्यांनी सांगितले, "घर फारच छान आहे, आम्ही पाच तारे देणार." यजमान विचारतात की आता संकेतस्थळावर त्यांच्याविषयीच्या अभिप्रायात खरे लिहावे, की 'उत्तम पाहुणे' असे लिहून मोकळे व्हावे?

माझे उत्तर असे की खरे लिहावे आणि मोजूनमापून लिहावे. मी नऊ वर्षे दोन घरे या पद्धतीने चालवतो आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षे मी 'लिहून मोकळे व्हावे' याच मार्गाने गेलो. तेव्हा मला ते सौजन्य वाटत असे. आज पाहता ती निव्वळ भीड होती. भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो. माझ्या बाबतीत फरक इतकाच झाला, की भीड मी बाळगली आणि भीक दुसऱ्याच्या दारात गेली.

त्या काळात माझ्याकडे तिघे जण दोन रात्रींसाठी आले होते. ते गेल्यावर मी दार उघडले, तेव्हा झोपण्याच्या खोलीतल्या पडद्यांना सिगारेटचा वास होता, गादीच्या कडेला नखाएवढे जळके भोक पडले होते आणि बाल्कनीतल्या कुंडीत खुपसून विझवलेली सतरा थोटके होती. (मी ती मोजली, कारण चिडलेला माणूस असल्या गोष्टी मोजत बसतो.) घरात धूम्रपान करू नये, हे माझ्या घरनियमांत पहिल्याच ओळीत लिहिलेले होते. तरीही मी त्यांना पाच तारे दिले आणि 'शांत, समंजस पाहुणे, पुन्हा अवश्य यावे' असे लिहिले, कारण मला माझ्या स्वतःच्या ताऱ्यांची काळजी होती. अडीच महिन्यांनी, यजमानांच्या एका गटातून माझा माग काढून, एका अनोळखी बाईंनी मला निरोप पाठवला. त्याच तिघांना त्यांनी घर दिले होते आणि त्यांचा सोफा जळाला होता. निरोपात राग नव्हता. एवढेच लिहिले होते: "तुमचा अभिप्राय वाचून मी त्यांची विनंती स्वीकारली. तुमच्याकडे ते खरोखरच असे राहिले होते का?" मी त्यांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि ते उत्तर मला आजही टोचते.

नंतर मी त्या पाहुण्यांचे जुने अभिप्राय काढून वाचले. माझ्या आधीच्या तीन यजमानांनी 'आल्याबद्दल धन्यवाद' एवढेच लिहिले होते. आता मला त्या दोन शब्दांत बरेच काही ऐकू येते; तेव्हा येत नव्हते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरे; पण त्यासाठी पुढच्याने ठेच लागल्याचे सांगावे लागते. तिघे पुटपुटले, चौथा म्हणजे मी चक्क खोटे बोललो आणि पाचव्या घरात सोफा जळाला.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी, की पाहुण्यांविषयीचा अभिप्राय हे पाहुण्यांना दिलेले प्रशस्तिपत्रक नसते आणि त्यांना दिलेली शिक्षाही नसते. जो यजमान अजून त्यांना भेटलेला नाही आणि केवळ तुमच्या शब्दांवर विसंबून त्यांच्या हाती किल्ली देणार आहे, त्याला लिहिलेली ती चिठ्ठी असते. पाहुणा घर निवडताना छायाचित्रे, नकाशा, सोयींची यादी आणि कधीकधी शेकडो अभिप्राय वाचून निर्णय घेतो. यजमानाला पाहुण्याविषयी मात्र फारच थोडे कळते. एअरबीएनबी या अल्प मुदतीने घरे भाड्याने देण्याच्या संकेतस्थळावर 2018 च्या अखेरीपासून पाहुण्याचे छायाचित्रही बुकिंग पक्के झाल्यानंतरच यजमानाला दिसते आणि ते योग्यच आहे, कारण चेहरा पाहून घर द्यावे की नाही हे ठरू नये. पण चेहरा वगळला, की निर्णयासाठी पूर्वीच्या यजमानांचे शब्दच उरतात. तेच पोकळ निघाले, तर मागे अंदाज आणि पूर्वग्रह यांखेरीज काही राहत नाही.

हा मुद्दा नैतिकतेइतकाच व्यवहाराचाही आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की खरेदीदाराला चांगली गाडी आणि बिघडलेली गाडी यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरीच किंमत देतो आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. पुढे 2001 साली नोबेल पारितोषिकाच्या वाटेकऱ्यांत त्यांचे नाव होते. आपल्या व्यवहारात पाहुणे त्या मोटारींच्या जागी येतात. सगळ्याच पाहुण्यांवर 'उत्तम' असा शिक्का बसला, तर यजमान सगळ्यांनाच संशयाने वागवू लागतो: अनामत वाढते, एका रात्रीचे बुकिंग बंद होते, नियमांची यादी दोन पानी होते आणि निघताना चादरी काढून ठेवण्यापासून कचरा खाली नेण्यापर्यंतची कामे गळ्यात पडतात. खोट्या स्तुतीची किंमत जो पाहुणा मुळातच ओटा पुसून जाणार होता, तो मोजतो. तुमच्या त्या कुटुंबाला तिची झळ लागत नाही.

स्तुती किती स्वस्त झाली आहे याचा अंदाज घरांच्या ताऱ्यांवरून येतो. झर्वास, प्रोझर्पियो आणि बायर्स या संशोधकांनी 2015 साली एअरबीएनबीवरील सहा लाखांहून अधिक घरांची माहिती तपासली, तेव्हा जवळपास 95 टक्के घरांचे सरासरी मूल्यांकन साडेचार किंवा पाच तारे होते. हा आकडा घरांचा आहे, पाहुण्यांचा नाही; पण समोरासमोर भेटलेल्या माणसाविषयी वाईट लिहायला हात धजत नाही, ही वृत्ती दोन्हींकडे सारखीच असते. त्यातच, ज्यांचा अनुभव वाईट असतो ते बहुधा काहीच लिहीत नाहीत. न लिहिणे हे खोटे लिहिण्यापेक्षा बरे, असे अनेक यजमान मानतात. माझ्या मते ते थोडेसेच बरे आहे, कारण वाचणाऱ्याला ते मौन दिसतच नाही. दहा मुक्कामांपैकी सहांचे अभिप्राय दिसतात आणि ते सहाही गोड असतात.

आता भीतीकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. 'मी खरे लिहिले तर तेही माझ्याविषयी वाईट लिहितील' ही भीती पूर्वी अगदी रास्त होती. ईबे या संकेतस्थळावर विक्रेते आणि ग्राहक एकमेकांविषयी मत नोंदवत, आणि नापसंती नोंदवणाऱ्या ग्राहकाला विक्रेते तशाच नापसंतीने उत्तर देत. अखेर 2008 साली ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी प्रतिकूल मत नोंदवण्यास मनाई केली. तिथे ते चालून गेले, कारण पैसे मिळाले की ग्राहक कसा आहे याने विक्रेत्याचे फारसे बिघडत नाही. घराच्या बाबतीत ते चालणार नाही. इथे ग्राहक तुमच्या पलंगावर झोपतो. म्हणून एअरबीएनबीने 2014 साली वेगळा मार्ग काढला. दोन्ही बाजूंना मुक्काम संपल्यापासून 14 दिवसांची मुदत असते, आणि दोघांनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही अभिप्राय एकदम उघड होतात. तुम्ही काय लिहिले ते वाचून पाहुण्याला आपले मत बदलता येत नाही. त्यामुळे निघताना दिलेले पाच ताऱ्यांचे आश्वासन हे तुमच्या अभिप्रायाच्या बदल्यात दिलेले नाही आणि तसे मानण्याचेही कारण नाही. त्यांना घर आवडले असेल तर ते पाच तारे देतील. नसेल आवडले, तर तुमच्या गोड शब्दांची त्यांना त्या वेळी गंधवार्ताही नसेल.

येथे एक युक्ती नेहमी सुचवली जाते: चौदाव्या दिवसाच्या शेवटच्या तासात लिहावे, म्हणजे पाहुण्याला सूचना जाऊन त्याने लिहिण्याआधीच मुदत संपते. मीही हे करून पाहिले आहे. तीनदा जमले आणि दोनदा विसरलो, म्हणजे दोन यजमानांना जी माहिती मिळायला हवी होती ती मिळाली नाही. शिवाय यातून तुमच्या घराविषयीचे एखादे रास्त मतही गळून पडते. मी आता तिसऱ्या दिवशी लिहितो. पहिल्या दिवशी राग ताजा असतो आणि आठव्या दिवशी तपशील पुसट झालेले असतात.

उरली ताऱ्यांची चिंता. एअरबीएनबी चांगल्या यजमानांना देते तो 'सुपरहोस्ट' हा दर्जा मिळण्यासाठी गेल्या वर्षभराची सरासरी 4.8 असावी लागते आणि नवीन यजमान त्या आकड्याच्या धाकात वावरतो. गणित मांडून पाहा. वर्षात पाच-पाच ताऱ्यांचे वीस अभिप्राय असतील आणि एकविसावा रागाने दिलेल्या एकाच ताऱ्याचा आला, तरी सरासरी 4.81 राहते. दहाच अभिप्राय असतील, तर तीन ताऱ्यांचा अकरावा अभिप्राय सरासरी 4.82 वर आणतो. मात्र दहांवर एक ताऱ्याचा आला, तर ती 4.64 होते आणि दर्जा जातो. अर्थात धोका आहेच आणि तुमच्यासारख्या नव्या यजमानाला तो जास्त आहे. पण तो धोका घराविषयीच्या प्रत्येक नाराज पाहुण्याकडून असतो आणि तुम्ही खोटे लिहिल्याने तो एका शतांशानेही कमी होत नाही.

खऱ्या अभिप्रायाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. एडेलमन, लुका आणि स्विर्स्की यांनी अमेरिकेतील पाच शहरांत सुमारे 6,400 यजमानांना बनावट खात्यांवरून विनंत्या पाठवल्या. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, आफ्रिकन-अमेरिकन वाटणारी नावे असलेल्या पाहुण्यांच्या विनंत्या गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत 16 टक्के कमी प्रमाणात स्वीकारल्या गेल्या. त्यानंतरच्या एका संशोधनात असे आढळले, की पाहुण्याच्या खात्यावर पूर्वीच्या यजमानाचा एखादा जरी अभिप्राय असेल, तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे यजमानाने लिहिलेल्या दोन-तीन ओळी पुढच्या यजमानाला नावाऐवजी माणसाकडे पाहायला लावतात. म्हणून चांगल्या पाहुण्यांविषयी लिहितानाही कंजूषपणा करू नये. प्रथमच प्रवासाला निघालेल्या, खाते कोरे असलेल्या एका तरुणाविषयी मी लिहिले होते, की 'पोहोचायला उशीर होणार हे त्याने तीन तास आधी कळवले, त्याच्या हातून काचेचा एक पेला फुटला तेव्हा तुकडे कागदात गुंडाळून वर चिठ्ठी लावून ठेवले आणि पैसे द्यायची तयारी स्वतःहून दाखवली.' 'छान मुलगा' यापेक्षा त्या पेल्याने त्याचे कितीतरी अधिक भले केले असेल. संगणकीय यंत्रणाही अभिप्राय वाचतात: 2020 साली एअरबीएनबीने अमेरिकेत 25 वर्षांखालील आणि तीनपेक्षा कमी चांगले अभिप्राय असलेल्या पाहुण्यांना आपल्याच परिसरात संपूर्ण घर घेण्यास मनाई केली होती. त्या वयाच्या शिस्तीच्या पाहुण्याविषयी लिहायचा कंटाळा करणे म्हणजे त्याचा एक दरवाजा बंद ठेवणे होते.

आता लिहावे कसे ते पाहू. तीन बाबींवर तारे द्यायचे असतात: स्वच्छता, संवाद आणि घरनियमांचे पालन. बहुतेक यजमान एकाच भावनेने तिन्हींना सारखे तारे देतात आणि तिथेच चूक होते. तुमच्या कुटुंबाचा संवाद उत्तम होता. तिथे पाच द्या, कंजूषी करू नका. स्वच्छतेला मी तीन दिले असते, कारण सिंकमधली भांडी म्हणजे मोडतोड नव्हे. नियमांविषयी लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: 11 ची वेळ त्यांना कळवली होती का, की ती केवळ घराच्या माहितीत पाचव्या पडद्यावर कुठेतरी होती? आदल्या संध्याकाळी आठवणीचा संदेश पाठवला नसेल, तर अडीच तासांच्या उशिराचा काही वाटा तुमच्याकडेही येतो. मी स्वतः एकदा एका पाहुण्याविषयी 'गरम पाणी रात्रभर चालू ठेवले' असे लिहायला निघालो होतो. मग लक्षात आले, की गिझरच्या बटणावर मी चिठ्ठीच लावलेली नव्हती.

अपघात आणि बेपर्वाई यांतला भेदही पाळावा. फुटलेले, सांडलेले, तुटलेले आणि आपणहून सांगितलेले ही दोषाची नोंद होत नाही. लपवलेले, नाकारलेले किंवा सांगूनही पुन्हा केलेले मात्र लिहावे. माझ्याकडे केसांच्या रंगाने डागाळलेला टॉवेल पाहुण्यांनी एकदा घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवला होता. टॉवेलचे मला काही वाटले नाही, पण ती घडी मी अभिप्रायात लिहिली.

भाषा साधी आणि घडलेल्या गोष्टीपुरती असावी. 'बेजबाबदार', 'असंस्कृत', 'घाणेरडे' ही विशेषणे तुमच्या मनःस्थितीची माहिती देतात. 'ठरल्या वेळेनंतर अडीच तासांनी निघाले' हे वाक्य पाहुण्याची देते. त्याचबरोबर यजमानांची ती सांकेतिक भाषाही टाळावी. 'यांना हॉटेल अधिक मानवेल' असे लिहिणाऱ्याला वाटते, की समजणाऱ्याला समजेल. पण मुरलेला यजमान एरवीही सावधच असतो. ज्याला तो इशारा खरोखर हवा असतो, तो पहिल्यांदाच घर देणारा माणूस, आणि तो ते वाक्य कौतुक म्हणून वाचतो.

तुमच्या जागी मी साधारण असे लिहिले असते: 'या कुटुंबाशी संपर्क सहज आणि आदबशीर होता, प्रत्येक संदेशाला लगेच उत्तर मिळाले. घरात मोडतोड झाली नाही. ठरलेली 11 ची वेळ असताना दुपारी दीडला घर सोडले आणि स्वयंपाकघर न आवरता सोडल्याने सफाईला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. निघण्याची वेळ आणि स्वयंपाकघराविषयीच्या अपेक्षा आधी स्पष्ट केल्यास मी त्यांना पुन्हा घर देईन.' शेवटचे वाक्य मनापासून असेल तरच लिहा. यातून त्यांचे नाव खराब होत नाही. पुढचा यजमान त्यांना नाकारणार नाही. तो आदल्या दिवशी एक संदेश पाठवील आणि त्या दिवशीचा पुढचा प्रवेश दोनऐवजी चारला ठेवील. मीदेखील अशा एका पाहुण्याला घर दिले आहे, ज्याच्या खात्यावर रात्रीच्या गोंगाटाची नोंद होती. मी त्याला सरळ विचारले, त्याने सरळ उत्तर दिले, आणि चार रात्रींत शेजाऱ्यांना कोणी राहायला आल्याचेही कळले नाही. आधीच्या यजमानाने खरे लिहिले नसते, तर ते बोलणे झालेच नसते.

ज्या गोष्टी केवळ पाहुण्याच्या उपयोगाच्या आहेत, त्या खासगी टिपणात लिहाव्यात: उदाहरणार्थ, नॉनस्टिक तव्यावर स्टीलचा उलथणा चालवला गेला. सार्वजनिक मजकुरात कोणाचा धर्म, वंश, पोशाख, आजारपण, किंवा कोण कोणासोबत राहिले, याचा उल्लेख कधीही येऊ नये. आणि नुकसानभरपाईचा विषय अभिप्रायापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा. भरपाईच्या मागणीचीही मुदत 14 दिवसांचीच असल्याने दोन्ही गोष्टी एकाच संदेशात मिसळण्याचा मोह होतो. पण 'पैसे द्या, नाहीतर खरे लिहीन' हे वाक्य लिहिणाऱ्याचा अभिप्राय नियमभंग ठरतो आणि त्याच्या खरेपणाला काही किंमत उरत नाही.

राहिला सहा जणांचा मुद्दा, जो मी वरच्या मसुद्यात मुद्दाम घेतलेला नाही. तुम्ही 'बहुधा' असे लिहिले आहे. हे तुम्हाला शेजाऱ्यांनी सांगितले, की सफाईला आलेल्या बाईंना कपाटातली जादा गादी अंथरलेली आणि सहा टॉवेल ओले दिसले? त्या बाईंना आज फोन करून विचारा. त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे काढली असतील, तर ती मागवून घ्या. गादी दिसत असेल, तर 'चौघांचे बुकिंग असताना त्याहून अधिक जणांनी मुक्काम केल्याचे दिसले' हे एक वाक्य जोडा आणि घरनियमांचे तारे दोनवर आणा. शेजाऱ्यांचे ऐकीव सोडून हाती काहीच नसेल, तर ते वाक्य लिहू नका आणि वेळेच्या उशिरापुरते तीन तारे ठेवा.